मदत हवी आहे: स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले, आता दोन तपासण्यांच्या मधले दिवस कसे काढायचे?

शेवंती
धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे, तिच्या संमतीने. वय 33. डाव्या स्तनात 2.4 सेंमीची गाठ, काखेतली एक ग्रंथी बाधित. ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे स्त्री-हॉर्मोनवर वाढणारी गाठ), हर-टू हे प्रथिन निगेटिव्ह, बीआरसीए हा आनुवंशिक दोष निगेटिव्ह. स्तन राखून शस्त्रक्रिया, आठ किमो, मग रेडिएशन. ते संपून सात महिने झाले. सध्या रोज टॅमॉक्सिफेन 20 मिग्रॅ (हॉर्मोनला अडवणारी गोळी) आणि दर 28 दिवसांनी गोसेरेलिन (अंडाशय थांबवणारं इंजेक्शन).

उपचार चालू होते तोवर रोज काहीतरी करायचं असायचं. आता डॉक्टर म्हणतात, तीन महिन्यांनी या. मधल्या नव्वद दिवसांत कंबर दुखली तरी शंकेची पाल चुकचुकते. नातेवाईकांचा आग्रह आहे की दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन (सगळ्या शरीराचा) आणि सीए 15-3 ही रक्ततपासणी करून घ्या. डॉक्टर नको म्हणतात. खर्चाची अडचण नाही, मग नको का? कोणतं दुखणं लगेच कळवायचं? रोज रात्री ती छाती चाचपून बघते, ते बरोबर आहे का? आणि तिला मूल हवं आहे, त्याचा विचार कधी करता येईल?

निरगुडी
शेवंतीताई, डॉक्टर बरोबर सांगताहेत, आणि कारण पैशाचं नाही. स्तनात किंवा काखेत पुन्हा गाठ आली तर ती लवकर सापडणं फायद्याचं, कारण ती काढून टाकता येते. म्हणून मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. हाडात किंवा यकृतात गेलेला आजार मात्र लक्षणं येण्याआधी काही महिने सापडला म्हणून आयुष्य वाढतं, असं दिसलेलं नाही. इटलीतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष 1994 साली आले. एका गटाचे छातीचे एक्स-रे आणि हाडांचे स्कॅन नियमित केले, दुसऱ्याचे नाहीत. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. औषधं तेव्हापासून खूप बदलली, पण लक्षणं नसताना स्कॅन करू नका हा सल्ला आजही कायम आहे.

शिवाय पेट स्कॅनमध्ये फक्त कर्करोग चमकत नाही. क्षयाच्या ग्रंथी चमकतात, लस घेतल्यावर काखेतल्या ग्रंथी चमकतात. मग बायोप्सी, आणि तिचा अहवाल येईपर्यंत घरभर धाकधूक. सीए 15-3 यकृताच्या साध्या आजारातही वाढतो आणि कर्करोग परतला तरी नॉर्मल राहू शकतो. ज्या शांततेसाठी तपासणी करायची तीच ती हिरावून घेते.

पहिली तीन वर्षं दर 3 ते 6 महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी, चौथ्या-पाचव्या वर्षी 6 ते 12 महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. मॅमोग्राफी दोन्ही बाजूंची, दरवर्षी; पहिली रेडिएशन संपल्यावर सहा महिन्यांनंतर. म्हणजे झाली नसेल तर आताच तारीख घ्या. या वयात स्तन दाट असतात, त्यात गाठ झाकली जाऊ शकते, म्हणून जोडीला सोनोग्राफी किंवा एमआरआय हवं का तेही विचारा. जाताना जुन्या फिल्म किंवा सीडी न्या, नुसता अहवाल नको. तुलनेला काही नसेल तर शस्त्रक्रियेचा व्रणसुद्धा संशयास्पद वाटू शकतो.

पाणवठा
दुखण्यासाठी दोन आठवड्यांचा नियम धरा. नवं दुखणं किंवा खोकला दोन आठवड्यांत कमी झाला नाही, किंवा वाढतच गेला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा. रात्री झोपेतून उठवणारी हाडाची ठणक, कारण नसताना उतरणारं वजन आणि योनीतून अनपेक्षित रक्तस्राव यांनाही फोनच. स्तनात, व्रणावर, काखेत किंवा गळ्याच्या हाडाच्या वर नवी गाठ लागली तर त्याच आठवड्यात दाखवा.

त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं अशीही लक्षणं आहेत: पायांतली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं (मज्जारज्जूवर दाब असू शकतो, यात तास मोजले जातात), फिट, उलट्यांसह वाढती डोकेदुखी, दम लागणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. शेवटची दोन टॅमॉक्सिफेनमुळे होणाऱ्या रक्ताच्या गुठळीचीही असतात.

आणि हेही तिला ठाऊक असू द्या: गोसेरेलिनने अंडाशय एकदम थांबतात, त्यामुळे सांधे आखडतात, हे आखडणं सकाळी जास्त असतं आणि चालायला लागलं की सैल होतं. रेडिएशनच्या बाजूच्या फासळ्या दाबल्या की दुखतात. छातीत क्षणभर सुई टोचल्यासारखं होतं. ही दुखणी महिनोन् महिने राहू शकतात, म्हणून दोन आठवड्यांनी फोन करावा लागला तरी आजार परतलाच असं समजू नका.

एक वही करा: तारीख, जागा, 0 ते 10 मध्ये तीव्रता, रात्री जाग आली का. डोक्यात ठेवलेलं दुखणं रोज नवं वाटतं. वहीत दिसतं की ते तिसऱ्या दिवशी थांबलं होतं.

चाचपणं महिन्यातून एकदाच. पाळी बंद असेल तर गोसेरेलिनचा दिवस ठरवून टाका, तारीख आपोआप लक्षात राहते. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, हलका, मध्यम, मग जोराचा दाब. रोज दाबलं की जागा हुळहुळी होते आणि तेच नवं लक्षण वाटू लागतं. व्रणाखाली टणक पट्टा असतो, कधी चरबी मरून खडा होतो. सर्जनकडून तिची बोटं एकदा त्या जागांवर ठेवून घ्या, म्हणजे तिची नेहमीची ठेवण तिला कळेल.

अनुस्वार
वरच्या नियमाने भीती जाणार नाही, पण तिला कुंपण पडेल. "मनात आणू नकोस" हे मात्र घरात कुणी म्हणू नका. दाबलेला विचार रात्री दुप्पट होऊन येतो. त्याऐवजी काळजीची वेळ ठरवा: संध्याकाळी सहा ते सहा-वीस, वही घेऊन, झोपायच्या खोलीत नाही. दिवसा विचार आला की एक शब्द लिहायचा आणि सहापर्यंत थांबवायचा. दोन-तीन आठवडे नेटाने केलं तरच जमतं.

ऑस्ट्रेलियात पुन्हा आजार होण्याच्या भीतीवरच एक पाच सत्रांची पद्धत तपासली गेली (2017), आणि भीती कमी झाली. म्हणजे हा मनाचा कमकुवतपणा नाही, यावर उपचार आहे. कर्करोग रुग्णालयातल्या समुपदेशकांकडे नाव नोंदवा. रात्री-अपरात्री टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416.

तपासणीच्या आठवड्यासाठी: सकाळची वेळ घ्या, अहवाल कधी आणि कोण सांगणार ते आधी विचारा, आणि मोबाइलवर आलेला अहवाल तिने एकटीने रात्री उघडू नये.

"पाच वर्षं झाली की सुटलीस" असंही सांगू नका. ईआर पॉझिटिव्ह आजारात धोका पुढच्या अनेक वर्षांत थोडा थोडा पसरलेला असतो. सहाव्या वर्षी तिला फसवल्यासारखं वाटेल.

निरगुडी
मुलाबद्दल. पॉझिटिव्ह नावाच्या चाचणीत (2023) 42 वर्षांपर्यंतच्या 516 स्त्रियांनी 18 ते 30 महिने हॉर्मोनचे उपचार घेऊन ते जास्तीत जास्त दोन वर्षं थांबवले. आजार परतण्याचं प्रमाण तीन वर्षांत 8.9 टक्के होतं, न थांबवलेल्या तुलनेच्या गटात 9.2. मात्र ही मुदत अजून थोडीच आहे. टॅमॉक्सिफेन गर्भाला घातक आहे, म्हणून त्या चाचणीत गोळी बंद करून तीन महिने थांबत. आता पाळी नसली तरी गर्भनिरोधक हवंच: कॉपर-टी किंवा निरोध, हॉर्मोनच्या गोळ्या नकोत.

शेवंती
सर्वांचे मनापासून आभार. एक राहिलं. अंगातून वाफा येतात आणि चिंताही आहे म्हणून आमच्या डॉक्टरांनी पॅरॉक्सेटिन ही नैराश्य-चिंतेवरची गोळी लिहून दिली आहे. आजपासून सुरू करायची होती.

पाणवठा
सुरू करू नका, आधी ऑन्कॉलॉजिस्टना (कर्करोगतज्ज्ञांना) फोन करा. टॅमॉक्सिफेनचं काम यकृतातल्या सीवायपी2डी6 या एन्झाइममधून होतं आणि पॅरॉक्सेटिन त्यालाच अडवतं. फ्लुऑक्सेटिनही तसंच. व्हेनलाफॅक्सिन या त्याच प्रकारच्या औषधाचा तो अडथळा फार थोडा, आणि वाफांवरही ते चालतं, त्याबद्दल विचारा. हे वाचणाऱ्या कुणाची पॅरॉक्सेटिनची गोळी आधीच चालू असेल तर ती एकदम तोडू नका, चक्कर आणि मळमळ होते. डॉक्टरांकडून मात्रा हळूहळू उतरवून घ्या.