मदत हवी आहे: तिसऱ्या रिचर्डच्या स्वगताचा मराठी अनुवाद

शेक्सपिअरच्या नाटकावरचा, इयान मॅकेलनचा १९९५ चा 'रिचर्ड द थर्ड' हा चित्रपट आमच्या नाट्यगटाला दाखवायचा आहे. सुरुवातीचं स्वगत मेजवानीतल्या भाषणासारखं सुरू होतं आणि मध्येच रिचर्ड स्वच्छतागृहात जातो, आरशातून थेट आपल्याशी बोलू लागतो. अंगावर काटा येतो! गटातल्या निम्म्या मुलांना शेक्सपिअरची इंग्रजी झेपत नाही, म्हणून आधी मराठीत वाचून घ्यायचंय.

मी स्वतः करून पाहिलं. अर्थ येतो, पण तोंडात बसत नाही. चित्रपटातल्या स्वगतातली 'हसत हसत खून करू शकतो' ही ओळ मूळ नाटकात सापडेना. ती शेक्सपिअरच्याच 'सहावा हेन्री', भाग ३ या नाटकातली निघाली. गोषवारा नकोय, मोठ्याने वाचता येईल असा छापील अनुवाद हवाय. या दोन्ही नाटकांचा तसा कुणी वाचलाय का?