मदत हवी आहे: एसीएल (गुडघ्याच्या मधोमध हाडं जोडणारं लिगामेंट, म्हणजे चिवट पट्टा) पूर्ण फाटलंय, ऑपरेशन लगेच करावं का?

माझा भाऊ, वय २६. फुटबॉल खेळताना पाऊल रोवलेलं राहिलं आणि गुडघा पिळवटला. 'कट्' आवाज आला, दोन तासांत गुडघा टम्म फुगला. एक्स-रेत हाड शाबूत आहे. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण फाटलेलं, एमसीएलला (गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट) ग्रेड २ इजा, म्हणजे अर्धवट फाटलेलं. दुसरा आठवडा चालू आहे. गुडघा पूर्ण सरळ होत नाही, जिना उतरताना निसटतो. ऑपरेशन उरकून टाकावं की थांबावं? तोवर घरी काय करावं?

प्रतिसाद
आधी गुडघा सरळ का होत नाही ते बघा. सुजेमुळे असेल तर रोज थोडाथोडा सुटतो. एका ठरावीक कोनात खटकन अडत असेल तर फाटलेली मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली गादी, मध्ये अडकलेली असू शकते. रिपोर्टमध्ये 'बकेट हँडल' लिहिलंय का पाहा. असेल तर थांबू नका, सर्जनना लगेच दाखवा.

तसं नसेल तर घाई नको. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं की तो पुढेही आखडलेलाच राहण्याचा धोका वाढतो. एमसीएल बहुतेकदा बिजागरीच्या ब्रेसमध्ये काही आठवड्यांत आपोआप जुळतं. एसीएलचं तसं नाही. तरीही पळता-वळतानाचे खेळ सोडायची तयारी असेल आणि व्यायामाने निसटणं थांबलं, तर ऑपरेशनशिवाय भागू शकतं. निसटत राहिला तर करून घ्या, कारण दर वेळी मेनिस्कसला मार बसतो.

गुडघ्याखाली उशी अजिबात नको! आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच आखडतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी, १० मिनिटं, दिवसातून ४-५ वेळा. मग मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, ५ सेकंद, १० वेळा. वाटी वर सरकताना दिसली पाहिजे. बर्फ कापडात गुंडाळून १५ मिनिटं.

धागाकर्ता
वाटी जेमतेम हलते. पोटरीही कालपासून दुखतेय, थोडी सुजलीय. चोळून द्यावी का?

प्रतिसाद
वाटी हलेल, सूज असेपर्यंत मांडीचा स्नायू नीट आवळतच नाही. पोटरी मात्र चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, आजच डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करून घ्या. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत न्या.

दुसरा प्रतिसाद
ऑपरेशन ठरलंच तर मैदानाचा विचार किमान ९ महिन्यांनी, तेही मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्के झाल्यावर. तिसऱ्या महिन्यात दुखणं थांबतं आणि पोरं पळायला लागतात, पण बसवलेलं लिगामेंट तेव्हा अजून कच्चं असतं.