बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला तरी बोटी जातातच. निरोप पोचवण्यात काय चुकतंय?

खाडीपट्टा:
नमस्कार मंडळी. आमच्या मच्छीमार सोसायटीचा व्हॉट्सॲप गट आहे. हवामान खात्याचा इशारा आला की सचिव तो जसाच्या तसा टाकतात. निळ्या खुणा दिसतात, अंगठे येतात आणि तरी रात्री काही बोटी बाहेर पडतात. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारी बंदी उठली की हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार. मजकूर कसा लिहावा, कोणी सांगावा, वायरलेसवर कसं बोलावं? 'लोक ऐकत नाहीत' एवढं उत्तर नको. आमच्या तांडेलांचं (बोट चालवणाऱ्या प्रमुखांचं) आयुष्य दर्यावर गेलंय, त्यांना धोका कळतो.

बंदरकाठ:
दादा, आधी मूळ मजकूर बघा. तो जिल्हा प्रशासन, बंदरं, जहाजं अशा सगळ्यांसाठी असतो. मच्छीमाराच्या कामाच्या दोन ओळी कुठेतरी खाली असतात. वारा नॉट्समध्ये दिला असेल तर २५ नॉट्स म्हणजे ताशी साधारण ४६ किमी. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवायचे. हे गणित डेकवर उभ्या माणसाने का करावं? ते सचिवांनी करून द्यावं.

वर स्वतःच्या चार ओळी लिहा, खाली मूळ इशारा जोडा. नमुना देतो:

'हर्णे ते दाभोळ, सगळ्या बोटी: आज मंगळवारी, अमुक तारखेला, संध्याकाळी ५ च्या आत खाडीत या. रात्री ९ पासून वारा ताशी ४५ ते ५५, झोत ६५ किमी. भरती अमुक वाजता. पुढचा निरोप बुधवारी सकाळी ८ वाजता. हवामान खात्याच्या दुपारी १ च्या इशाऱ्यावरून.'

वार आणि तारीख हवीच, नाहीतर तोच निरोप चार दिवसांनी पुन्हा फिरतो. भरतीची वेळ विसरू नका. आपल्याकडच्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी गाळ आहे. ओहोटीला मोठी बोट आत येऊच शकत नाही आणि तांडेल म्हणतो, 'मग बाहेरच बरा.' 'सतर्क राहावे' हे शब्द काढून टाका, त्यातून कोणालाच काही करता येत नाही. रंगांचंही तेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. पण कोणती कृती, ते आपणच लिहायचं. सोबत वीस सेकंदांचा आवाजी निरोप टाका. ओल्या हाताने कोणी वाचत बसत नाही.

चॅनेल सोळा:
किनारा जरा मागे पडला की मोबाइल संपला. त्यापुढे व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा वायरलेस सेट. १६ नंबर चॅनेल (१५६.८ मेगाहर्ट्झ) संकटासाठी आणि हाक मारण्यासाठी आहे, हाक लागली की दोघांनी दुसऱ्या चॅनेलवर जायचं. १६ वर गजाली चालू राहिल्या तर कोणाची तरी 'मेडे'ची (जीव धोक्यात असल्याची) हाक त्याखाली दबते. हवामानाचा निरोप देताना आधी तीनदा 'सिक्युरिते' (सुरक्षेचा निरोप येतोय याची खूण) म्हणायचं.

बटण दाबलं की एक सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि तो बहुधा बोटीचं नाव असतो. मिठाने बटण अडकून राहिलं तर सेट आपोआप बोलतच राहतो आणि टापूतल्या सगळ्यांचं ते चॅनेल बंद पडतं. हे रोज तपासा.

पल्ला अँटेनाच्या उंचीवर ठरतो. दोन्ही टोकांच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा, बेरीज करा, २.२५ ने गुणा. उत्तर सागरी मैलांत येतं. दोन्ही बोटींवर ५ मीटर असेल तर सुमारे १० मैल. किनाऱ्यावर ३० मीटरचा मनोरा असेल तर सुमारे १७. त्यापलीकडे मधल्या बोटीने निरोप पुढे द्यायचा, आणि बिघडतो तो तिथेच. मधला माणूस स्वतःच्या शब्दांत सांगतो: 'वारो वाढतलो म्हणतत.' वेळ गेली, ठिकाण गेलं. निरोप कोणाचा, किती वाजताचा, हे म्हणून मूळ शब्दच पुढे द्यावेत.

आकडे सुटे बोला. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ खरखरीत सारखेच ऐकू येतात. 'चार-नऊ' म्हणा. आणि समोरच्याचं 'हो हो, समजला' धरू नका. त्याने वेळ आणि ठिकाण परत म्हणून दाखवलं तरच निरोप पोचला.

शब्दवेल्हाळ:
वरचं सगळं पटलं, पण ते निरोप शाबूत पोचवण्याबद्दल आहे. क्लॉड शॅनन याने १९४८ मध्ये संदेशवहनाचं गणित मांडलं, तेव्हा सुरुवातीलाच सांगितलं की अर्थाशी या अभियांत्रिकी प्रश्नाचा संबंध नाही. निळ्या खुणा तेवढंच मोजतात. माणसं बोलतात ती केवळ माहिती देण्यासाठी नाही; बोलून काहीतरी करतात. हर्णेच्या लिलावात शेवटचा आकडा उच्चारला की व्यवहार झाला. तोच आकडा एसटीत कोणी म्हटला तर काहीच झालं नाही. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने हेच दाखवलं: बोलण्याला कृतीचं बळ येतं ते बोलणारा, जागा आणि रीत योग्य असेल तर. म्हणून बंदरावर चढलेला बावटा वेगळा आणि गटावर आलेला त्याचा फोटो वेगळा. इशारा सोसायटीच्या अध्यक्षांनी स्वतःच्या आवाजात, नाव सांगून द्यावा.

दुसरं, मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की याचं. पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहून त्याने १९२३ मध्ये लिहिलं की मासेमारीच्या वेळी बोललेले शब्द हे कामाचाच भाग असतात. त्याच लेखात त्याने नुसत्या विचारपुशीबद्दलही लिहिलंय. 'जेवलास?' यातून माहिती मिळत नाही, नातं मात्र चालू राहतं. तुमच्या गटावर फक्त इशारेच येत असतील तर तो गट कोणी कान देऊन ऐकणार नाही. बर्फाचा भाव, भरतीच्या वेळा, कोणाच्या घरचं लग्न, हे येऊ द्या. 'फक्त महत्त्वाचे संदेश टाका' हा नियम मला घातक वाटतो.

बंदरकाठ:
शब्दवेल्हाळ ताई, गप्पांचा गट वेगळा ठेवावा. वादळाच्या दिवशी लग्नाच्या फोटोंखाली इशारा सापडत नाही.

शब्दवेल्हाळ:
मान्य. मग दोन गट करा, पण बोलणारी माणसं तीच ठेवा. इशारा ऐकल्यावर माणूस आधी शेजाऱ्याला विचारून खात्री करतो, मगच हलतो. गावात कोणाला विचारलं जातं ती चार-पाच माणसं हेरा (बर्फवाला, डिझेल पंपावरचा, लिलाव करणारा) आणि निरोप त्यांना अर्धा तास आधी द्या, म्हणजे सगळीकडून एकच उत्तर येईल.

नांगरवाट:
एक गोष्ट राहिली. बोटीवर खलाशी नेपाळचे, कर्नाटकचेही असतात. मराठी निरोप तांडेलापाशी थांबतो. हिंदीतल्या दोन ओळी जोडाच. आणि बर्फ, डिझेल भरून झालेल्या मालकाला 'जाऊ नका' म्हणणं म्हणजे भरलेला पैसा सोड म्हणणं. ते न बोलता इशारा दिला तर तो मान हलवतो आणि जातो. सोसायटीने त्याच निरोपात लिहावं: डिझेलची उधारी आठवडाभर पुढे, शीतगृहात जागा आहे की नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबरही टाका.

खाडीपट्टा:
सगळ्यांचे आभार. वादळ वळून गेलं आणि काहीच झालं नाही, तर पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही. त्याचं काय करायचं?

बंदरकाठ:
इशारा मागे घेतल्याचा निरोपही तितक्याच ठळकपणे द्या. वादळ कुठे वळलं, किनाऱ्यापासून किती किमीवरून गेलं, आपल्याकडे प्रत्यक्ष वारा किती होता, आणि आता बोटी किती वाजता सोडायच्या.