विषय: भावासाठी एएची (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट) मीटिंग शोधते आहे

नमस्कार मंडळी,
खालची मेल आपल्या एका सभासद ताईंची आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव काढून पाठवते आहे. उत्तरं लिस्टवरच द्या.
– कार्यकारिणी

«माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत एडिसनला एकटा राहतो. पिणं फार वाढलंय, हल्ली सकाळी उठल्या उठल्याही लागते. परवा आपणहून म्हणाला, “ताई, मीटिंगला जाऊन बघतो, पण एकटा नाही जाणार.” मी सोबत गेले तर चालतं का? तो एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, ऑफिसात कळेल याची धास्ती घेतलीय. जवळच्या सगळ्या मीटिंगा चर्चमध्ये दिसतात, त्यालाही बिचकतोय. कोणाला माहिती असेल तर कृपया सांगा.»

---

ताई,
नाव लिहीत नाही, एएची रीतच तशी आहे. मी तुमच्याच भागात राहतो आणि बरीच वर्षं दारूशिवाय आहे. भाऊ आपणहून म्हणाला ना, मग दिवाळी होऊन जाऊ दे असं करू नका. याच आठवड्यात हालचाल करा.

मात्र आधी डॉक्टर. सकाळी लागते म्हणजे शरीराला तिची सवय झाली आहे. अशा माणसाने एकदम बंद केली तर हात थरथरण्यापासून फिट येण्यापर्यंत, भास होण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, जिवावरही बेततं. पहिले काही दिवस सगळ्यात जोखमीचे. किती पितो ते डॉक्टरांना खरं सांगू दे. फिट आली किंवा असंबद्ध बोलायला लागला तर सरळ ९११. कुठे जायचं तेच कळत नसेल तर १-८००-६६२-४३५७ ही सरकारी हेल्पलाइन आहे. फुकट, चोवीस तास, आणि माहिती गुप्त राहते.

आता मीटिंग. फोनवर ‘मीटिंग गाइड’ हे एएचं ॲप घ्या, पिनकोड टाकला की यादी येते. ‘ओपन’ लिहिलेल्या मीटिंगला कोणीही बसू शकतं, म्हणजे तुम्हीही. ‘क्लोज्ड’ फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. पहिल्यांदा ओपन आणि ‘बिगिनर्स’ अशी मिळाली तर उत्तम.

चर्च म्हणाल तर ती भाड्याने घेतलेली जागा. बहुतेक वेळा मागच्या दाराने तळघरात उतरायचं, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं भांडं. शेवटी हात धरून प्रार्थना म्हणतात, नुसतं उभं राहिलं तरी कोणी काही बोलत नाही. एएचा दारू सोडण्याचा जो बारा पायऱ्यांचा कार्यक्रम आहे, त्यात देवाचा उल्लेख आहे, पण ‘आपल्याला उमगलेला’ देव. मी विठोबाला धरून बसलो आहे, माझ्या शेजारी बसणारा देव मानतच नाही. देवाचं अजिबातच नको असेल तर स्मार्ट रिकव्हरी नावाचे वेगळे गट आहेत.

ऑफिसचं म्हणाल तर हजेरीपट नसतो, आडनाव कोणी विचारत नाही. कोणी कागदावर सही घेताना दिसलं तर ती कोर्टाने पाठवलेली माणसं, त्याचा याच्याशी संबंध नाही. ओळखीचं कोणी भेटलंच तर तेही त्याच कारणासाठी आलेलं असतं.

बोलायची सक्ती नाही, ‘पास’ म्हटलं की पुढच्याची पाळी. टोपली फिरते, नव्या माणसाने त्यात काही टाकायची गरज नाही. पण एक गोष्ट त्याला आवर्जून करायला सांगा: मीटिंग संपली की लगेच गाडीकडे पळायचं नाही. लोक आपले फोन नंबर लिहून देतात, ते घ्यायचे आणि खरोखर लावायचे. संध्याकाळी कामावरून रिकाम्या घरात शिरताना जी तलफ येते, तिच्यासाठीच ते नंबर असतात. आणि पहिला गट आवडला नाही तर दुसरा बघायचा. प्रत्येक खोलीची हवा वेगळी असते.

---

ताई,
वर दादांनी सगळं लिहिलंच आहे. मी तुमच्याबद्दल लिहिते. घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे, १९५१ पासून. भाऊ एएला जावो न जावो, तुम्ही जा. मी नवऱ्याच्या पिण्यापायी जायला लागले. तो किती प्याला, बाटली कुठे लपवली, हे शोधण्यात माझा सगळा दिवस जात होता. तिथल्या बायकांनी मला झोपायला शिकवलं, शब्दशः. त्याच्या ऑफिसला खोटे निरोप देणं मी तिथेच थांबवलं.

भारतातल्या आई-बाबांना सांगायचं झालं तर पुण्याच्या मुक्तांगणचं नाव घ्या. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पु. लं.च्या मदतीतून उभं राहिलेलं. आमच्या सासूबाईंना ‘हा आजार आहे’ हे माझ्याकडून पटत नव्हतं, मुक्तांगणच्या लोकांशी बोलल्यावर पटलं. त्यानंतर घरात “लग्नाआधी नव्हता हो पीत” हे वाक्य बंद झालं.

---

«दोघांचेही मनापासून आभार. गुरुवारी डॉक्टरांकडे जातोय. त्यांनी हो म्हटलं तर शनिवारी संध्याकाळी साडेसातची ओपन मीटिंग बघितली आहे. भाऊ विचारतो, दादा तिथे असतील का?»

---

ताई, असेन. ती माझी नेहमीचीच मीटिंग आहे. कार्यकारिणीकडून माझा नंबर घ्या, भावाला आधी एकदा फोन करू दे. सव्वासातला मागच्या पार्किंगमध्ये उभा राहतो. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवायचं म्हटलं तर मीटिंग पुढच्या शनिवारी, घाई नाही. आधी तो बरा होऊ दे.