शब्दचर्चा: नदीच्या ‘चार्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

ब्रिटन आणि चीनमधल्या पहिल्या अफू युद्धावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय आणि एका शब्दावर चार दिवस अडलेय. १८४२ मध्ये ब्रिटिश आरमार यांगत्से नदीतून थेट नानजिंगपर्यंत गेलं, तेव्हा कॉलिन्सन आणि केलेट हे दोन अधिकारी ‘प्लोव्हर’ आणि ‘स्टार्लिंग’ ही जहाजं घेऊन पुढे राहून पाणी मोजत, हाताने चार्ट काढत चालले होते. चार्टला ‘सागरी नकाशा’ म्हणतात पण ही तर नदी! आणि नुसतं ‘नकाशा’ लिहिलं की गावं-रस्ते डोळ्यासमोर येतात. काय लिहू?

ताई, नुसतं नकाशा नकोच. नकाशात जमीन भरलेली असते आणि पाणी निळं, रिकामं. चार्टचं बरोब्बर उलटं, पाण्यात आकडेच आकडे आणि काठ जवळजवळ कोरा, एखादा पॅगोडा किंवा टेकडी दाखवायची ती पण होडीतून दिशा धरायला. शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायची, वजनाच्या बुडाला चरबी लावलेली असते, तिला तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर येतो, मग आकडा आणि शेजारी तळ कसला ते लिहायचं, असं होडी हलवत हलवत शेकडो वेळा. ‘कॉर्नवॉलिस’सारखं ७४ तोफांचं जहाज परक्या नदीत एवढं आत नेलं ते याच आकड्यांच्या भरवशावर. हे जहाज आपल्या मुंबईच्या गोदीत १८१३ साली बांधलेलं सागवानी आणि हे युद्ध संपवणारा नानजिंगचा तह २९ ऑगस्ट १८४२ ला त्याच्यावरच झाला, हे लेखात नसेल तर टीप द्याच.

माझं मत, ‘ठावनकाशा’. पाण्याचा ठाव घेणे, ठाव लागणे हे आपण रोज बोलतो, मनाचाही ठाव घेतो, मग साउंडिंगला, म्हणजे पाणी किती खोल ते मोजण्याला, दुसरा शब्द शोधायचाच कशाला? ‘खोली’ टाळा, ‘चार्टवर खोल्या लिहिल्या होत्या’ हे वाचून घराचा प्लॅन वाटेल.

ठावनकाशा मस्त आहे दादा. फॅदम या पाणी मोजायच्या इंग्रजी मापाचं पण सांगते, त्याला आपल्याकडे ‘वाव’ म्हणतात, दोन्ही हात पसरले की होतं ते माप, सुमारे ६ फूट. इंग्रजी शब्दाचा जुना अर्थही पसरलेले हातच. आमच्या घरात जाळं टाकताना ‘दहा वाव पाणी’ असंच म्हणतात. विहिरीला मात्र ‘परस’ हे माप, तो इथे आणू नका.

वाव! हा तर रोज ऐकलेला आणि सुचला नाही. पण ‘वाव मिळणे’शी गोंधळ नको म्हणून पहिल्यांदा येईल तिथे माप सांगून टाकते. वाक्य असं केलंय: ‘होडी पुढे सरकत होती, दोरी सोडणारा ओरडून वाव सांगत होता आणि अधिकारी ठावनकाशावर आकडा मांडत होता.’ आता बसतंय.