आप्पांचा दाखला ३८ टक्के, 'संजय गांधी'चा अर्ज नामंजूर. अपील कुठे करू?

कोरडवाहू_कापूस
मंडळी, नमस्कार. गाव गिरणाकाठचं, जिल्हा जळगाव. तालुका सांगत नाही, तिथे माझी अजून चार कामं अडकली आहेत.

आमच्या आप्पांना (वय ६१) पोळ्याच्या आदल्या दिवशी लकवा झाला. उजवी बाजू गेली. दवाखान्याचा मोठा खर्च जनआरोग्य योजनेत निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. घरी आणल्यावर जे सुरू झालं ते मात्र कोणत्याच योजनेत बसत नाही. डायपर, मालिशवाला, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एअर बेड. त्याची मोटर रात्रंदिवस चालू, वीजबिल दुप्पट. तपासणीला न्यायचं तर एसटीत चढवता येत नाही, रिक्षाच करावी लागते. आई निंदणी-वेचणीला जायची, ती आता आप्पांपाशी बसून असते. म्हणजे खर्च वाढला आणि मजुरीही गेली.

डिसेंबरात दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला, ३८ टक्के. त्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज टाकला. गेल्या आठवड्यात नामंजूर झाला. दोन कारणं दिली आहेत : दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी, आणि उत्पन्न मर्यादेबाहेर. उत्पन्नाच्या दाखल्यावर ४६ हजार आहेत, कारण सातबारा सामाईक आणि तलाठ्यांनी सगळा कापूस आमच्याच नावावर धरला.

मी अर्जासोबत सहा महिन्यांची सगळी बिलं जोडली होती. कोणी उलटूनही पाहिली नाहीत. अपिलात पुन्हा जोडू का?

आप्पांची चिडचिडही फार वाढली आहे. शब्द सापडत नाही, पाणी हवं असेल तर "बैल, बैल" म्हणतात. असो, तो वेगळा विषय.

केळीची_बाग
भाऊ, आधी वाटणी करून घ्या. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज द्या. हिस्सा वेगळा झाला की उत्पन्न आपोआप खाली येईल. आमच्या चुलत्यांनी तेच केलं.

कोरडवाहू_कापूस
किती दिवस लागले त्यांना?

केळीची_बाग
दीड वर्ष. एक काकू सहीला तयार नव्हत्या.

निवृत्त_अव्वलकारकून
दीड वर्ष थांबायची गरज नाही. मी एकोणीस वर्षं तहसीलला होतो, त्यातली चार संगायो (संजय गांधी योजना) शाखेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट बिलांची. तुमच्यासारखी पिशवीभर बिलं घेऊन येणारी माणसं मी रोज पाहिली. वाईट वाटायचं, पण त्या बिलांना टाकायला फॉर्मवर रकानाच नाही. ही योजना उत्पन्न बघते, आजारपणाने घराचा खर्च किती वाढला ते बघत नाही. मला हे कधीच पटलं नाही, पण नियम तसा आहे. अपिलात परिस्थिती किती बिकट ते लिहून फरक पडत नाही. नामंजुरीचं जे कारण लिहिलंय तेवढंच खोडायचं असतं.

आता कारणं बघा. तुम्हाला ती दोन वाटतात, पण मूळ एकच आहे. या योजनेत साधारण अर्जदाराच्या कुटुंबाला वार्षिक २१ हजारांची मर्यादा आहे. दिव्यांगांना ती ५० हजार आहे. तुमचे ४६ हजार पन्नासच्या आत बसतात. पण दाखला ४० च्या खाली म्हणून आप्पांना दिव्यांग धरलंच नाही, आणि २१ हजारांचं माप लावलं. ते दोन टक्के वाढले की दोन्ही कारणं गळतात. जमिनीला, तलाठ्याला, काकूंना कोणालाच हात लावू नका.

दिव्यांगांची रक्कम आता महिना १५०० वरून २५०० झाली आहे, तेव्हा भांडण लहान समजू नका.

सातपुडा_पायथा
👆 हे आधी माहीत असतं तर आमचे दोन हेलपाटे वाचले असते. आमच्याकडे धडगावला सिकलसेलचे पेशंट पुष्कळ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल २१ प्रकारांत आहे, पण निम्म्या लोकांना वाटतं की हातपाय धड असले तर दाखला मिळतच नाही.

वाचा_धुळे
मी वाचा-उपचार करते. कोरडवाहू भाऊ, तुम्ही शेवटी "वेगळा विषय" म्हणून जे लिहिलंत, तोच मुख्य विषय आहे!

पाण्याला बैल म्हणणं ही चिडचिड नाही. लकव्यात मेंदूचा भाषेचा भाग दुखावला की असं होतं. माणसाला सगळं कळतं, पण तोंडात भलताच शब्द येतो. याला अफेजिया म्हणतात, आणि कायद्याच्या यादीत वाचा व भाषा दिव्यांगत्वात त्याचं नाव आहे. उजवी बाजू जाते तेव्हा बहुतेक वेळा डावा मेंदू दुखावलेला असतो, आणि भाषा बहुतेकांची तिथेच असते. म्हणून हे जोडीने येतं.

दाखल्यावर काय लिहिलंय ते बघून सांगा. फक्त हात-पाय की वाचासुद्धा?

कोरडवाहू_कापूस
ताई, आत्ता कपाटातून काढून पाहिला. फक्त "चलनवलन" आहे. बोलण्याचं कोणी तपासलंच नाही. डॉक्टरांनी नाव विचारलं तेव्हा घाईघाईत मीच सांगून टाकलं.

वाचा_धुळे
सगळे नातेवाईक हेच करतात. पुढच्या वेळी तुम्ही गप्प बसायचं.

दोन दिव्यांगत्वं असली की नुसती बेरीज होत नाही. मोठा आकडा 'अ', लहान 'ब' धरला तर अ + ब × (९० − अ) ÷ ९० असं सूत्र आहे. समजा वाचेचे २० टक्के आले, तर ३८ + २० × ५२ ÷ ९० = साधारण ४९.६. वीस मी उदाहरणापुरते घेतलेत, खरा आकडा तपासणीनंतरच कळेल. पण गणित बघा, वाचेचे चार टक्के आले तरी ४० गाठलं जातं.

आणखी एक. मेंदूच्या आजारात दाखल्याची तपासणी साधारण सहा महिन्यांनी करायची असते. तुमची चौथ्या महिन्यात झाली. अपिलात हेही लिहा.

निवृत्त_अव्वलकारकून
ताईंनी नेमकं पकडलं. दाखल्याविरुद्ध अपील दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली. मुदत निर्णयापासून ९० दिवस. डिसेंबरातली तारीख बघा आणि बोटं मोजा. अपील कोणाकडे ते दाखला दिला त्याच कार्यालयात लेखी विचारा. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

तहसीलच्या नामंजुरीचं काय? माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि तुमच्या अर्जावरची टिपणी मागा. तीस दिवसांत द्यावी लागते. नवा दाखला हाती आला की त्यावर नव्याने अर्ज करा, जुन्या नामंजुरीशी कुस्ती खेळत बसू नका.

गिरणाकाठ
लोकशाही दिनाला जा ना भाऊ. पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांसमोर उभं राहिलं की हलतात सगळे.

निवृत्त_अव्वलकारकून
जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. आणि ज्याचं अपील चालू आहे तो विषय तिथे घेत नाहीत. अपील आधी.

सातपुडा_पायथा
वकील लागला तर खिशातून देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दिव्यांगांना आणि बायांना मोफत मिळतो, १५१०० वर फोन करा. आणि खर्चाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीत जा. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. आमच्याकडे त्यातून एकाला वॉटर बेड मिळाला. ग्रामसेवक "निधी नाही" म्हणतील, तेव्हा मागच्या वर्षीचा हिशोब मागा.

बारीपाडाकर
अन् एजंटच्या नादी लागू नका. "पाच हजारात पन्नास टक्के" म्हणणारे गेटवरच उभे असतात. तो दाखला ऑनलाइन पडताळणीत खोटा निघाला तर आप्पाच आरोपी.

जुनी_विहीर
भाऊ, रिकामा हात घर येवानं नई. पोच लिसनच निंघानं.

कोरडवाहू_कापूस
अपडेट देतो. ९० दिवस भरायला एकोणीस दिवस बाकी असताना अपील दिलं, पोच घेतली. सोबत डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅन आणि धुळ्याच्या एका वाचा-उपचार केंद्राचा अहवाल जोडला. (ताई, तुमचंच केंद्र होतं की नाही ते विचारत नाही 🙏) बिलं जोडली नाहीत.

केंद्रात ताईंनी घड्याळ दाखवलं. आप्पांनी बराच वेळ बघितलं आणि "औत" म्हणाले. मग स्वतःच रडायला लागले. मला वाटायचं त्यांना कळतच नाही.

बोर्डासमोर तपासणी पुढच्या बुधवारी आहे. मी सोबत आत जाऊ शकतो का?

वाचा_धुळे
जा, पण बसायला मागे खुर्ची घ्या. आणि तोंडात बडीशेप ठेवा.