मदत हवी आहे : आरओचे टाकाऊ पाणी कूलरमध्ये वापरावे का? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आरओ यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी कूलरच्या टाकीत घालणे योग्य आहे का, आणि घालायचेच असेल तर ताट्यांवर (कूलरच्या बाजूंना बसवलेल्या, पाण्याने ओल्या राहणाऱ्या पॅडवर) बसणारा क्षार कसा आवरावा, याबद्दल ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांच्याकडून मार्गदर्शन हवे आहे.

आमचे घर नागपुरात मानेवाड्याकडे आहे. नळाचे पाणी येते, परंतु उन्हाळ्यात त्याला बोअरवेलची जोड द्यावी लागते आणि दोन्ही पाणी गच्चीवरील एकाच टाकीत जाते. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. दुसरीकडे हॉलमधला लोखंडी डेझर्ट कूलर मे महिन्यात, त्यातही नवतप्यात (मे अखेरीच्या सर्वाधिक तापणाऱ्या नऊ दिवसांत), रात्रभरात जवळजवळ सगळी टाकी संपवतो. त्यामुळे मोरीत वाहून जाणारे पाणी कूलरला वापरावे हा सासूबाईंचा आग्रह रास्तच होता आणि होळीनंतर आम्ही तसे सुरूही केले.

आता ताट्यांची अवस्था अशी आहे की त्यांतले वुड वूल (लाकडाचे बारीक तंतू) पापडासारखे कडक झाले असून बोटाने दाबले की पांढरा भुगा गळतो. वरच्या पन्हाळीची छिद्रे बुजल्यामुळे पाणी एकाच कडेने उतरते. उरलेला भाग कोरडा राहतो आणि तिथून बाहेरची गरम हवा जशीच्या तशी आत येते. पंपाची जाळी तर दर आठवड्याला घासावी लागते.

कारण मला समजते. कूलरमधून वाफ होऊन जाते ते फक्त पाणी. त्यातले क्षार टाकीतच राहतात. टाकीतले तीन चतुर्थांश पाणी उडून गेले, तर उरलेल्या पाण्यात क्षार चौपट होतात, आणि आपण रिकामी न करता वरून पाणी भरत राहतो. आरओचे टाकाऊ पाणी मुळातच क्षारांनी दाट झालेले असते. पेनासारख्या टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घटक) मीटरने आमच्या टाकाऊ नळीचे पाणी हजाराच्या वर दाखवले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घटकांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. अर्थात कूलरचे पाणी कोणी पिणार नाही, आणि टीडीएसचा आकडा म्हणजे पाण्याचा जडपणा नव्हे. खरा त्रास कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा असतो.

उपाय म्हणून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ताट्या भिजवाव्यात असे अनेक जण सुचवतात. चुन्याचा थर त्याने विरघळतो हे खरे, परंतु आमच्या कूलरची टाकी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची आहे आणि आम्ल त्या मुलाम्यालाही खाते. टाकीला आतून डांबर लावले आहे, तरी कोपऱ्यांत ते निघालेले आहे. म्हणून ताट्या बाहेर काढून प्लास्टिकच्या टबात भिजवाव्या लागतील. एक गोष्ट मात्र सर्वांनी लक्षात ठेवावी : आम्लाचे पाणी आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

आता तंत्रज्ञानाचा भाग. माझ्या दिराने मोबाइलवरून चालणारा स्मार्ट प्लग आणून दिला आहे. त्यावर फक्त पंप लावून तो दहा मिनिटे चालू आणि दहा मिनिटे बंद ठेवला तर पाणी वाचेल, असे त्याचे म्हणणे आहे. मला शंका आहे. ताटी पुनःपुन्हा ओली होऊन वाळली तर प्रत्येक वेळी क्षार तिथेच बसणार आणि थर अधिक लवकर साचणार. उलट, पहाटे आधी पंप बंद करून पंखा थोडा वेळ चालू ठेवला तर ताट्या वाळतात आणि कुबट वास येत नाही, हाही नेहमीचा अनुभव आहे. वास नको म्हणून ताटी वाळवावी, की क्षार नको म्हणून ओली ठेवावी, हा माझा दुसरा प्रश्न. तो प्लग कूलरच्या मागे ओलाव्यात लावू नये आणि तीन पिनांचे अर्थिंग तोडू नये, एवढे मला ठाऊक आहे. लोखंडी कूलरचा शॉक बसल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात; टाकी भरताना आम्ही प्लग काढूनच ठेवतो.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करणे डासांसाठीही आवश्यक आहे. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी झाली तरी महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. क्षाराच्या खरखरीत थरावर ते घासणे किती कठीण होते, हे ज्याने केले त्यालाच कळेल.

भर (प्रतिसाद वाचल्यानंतर) : सर्वांचे आभार. तुरटी फिरवण्याचा सल्ला दोघांनी दिला आहे, परंतु तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार जात नाहीत. त्यामुळे तो उपाय येथे लागू पडत नाही. ताट्यांऐवजी हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या फटींचे) पॅड बसवण्याची सूचना विचारात घेण्यासारखी आहे, मात्र ते कागदाचे असल्याने घासता येत नाहीत आणि जड पाण्याने त्यांच्याही फटी बुजतातच.

पटलेली सूचना अशी की पंपाच्या नळीला बारीक फाटा काढून टाकीतले थोडे पाणी सतत बाहेर सोडावे, म्हणजे क्षार साचत नाहीत. पण मग वाचवलेले पाणीच पुन्हा वाहून जाणार! म्हणून सध्या ठरवले आहे की आरओचे टाकाऊ पाणी फरशी पुसायला आणि संडासात टाकायला वापरायचे, कूलरला गच्चीच्या टाकीचे पाणी द्यायचे, आणि फाट्यातून येणारे पाणी कुंड्यांऐवजी अंगण शिंपडायला सोडायचे, कारण इतके खारे पाणी तुळशीला मानवणार नाही.

स्मार्ट प्लगने पंप चालू-बंद न करता केवळ पहाटे पंखा सुरू असताना पंप बंद करण्याची वेळ लावून ठेवावी, असे एका जाणकाराने लिहिले आहे. त्यासाठी पंपाची वायर पंख्यापासून वेगळी काढावी लागेल. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेईन. परंतु लोखंडी कूलरमध्ये ते कोणी करून घेतले असल्यास वायर बाहेर कुठून काढली आणि तिला पाण्यापासून आडोसा कसा दिला, हे कृपया लिहावे.